शाळा १६ जूनला आणि पोरं झोपतात रात्री बाराला : छोट्यांच्या पालकांसाठी धागा

मृगसरी | ८ जून २०२५, रात्री ११:२०

धागा किती वाजता काढतेय ते बघा, म्हणजे घरची परिस्थिती वेगळी सांगायला नको. धाकटा आत्ता कुठे आडवा झालाय. थोरली पलंगावर उलटी पडून, पाय भिंतीला लावून "आई, भूक लागली" म्हणतेय.

मुलगी यंदा पहिलीत गेली. मुलगा पहिल्यांदाच शाळेत जाणार, शिशुवर्गात. राहायला पुण्यात. शाळा सोमवारी १६ तारखेला उघडतेय. अख्खा मे दोघं आजोळी होती, तासगावकडे. तिथे मामा रात्री साडेदहाला आंब्याची पेटी उघडणार आणि आजी म्हणणार, "राहू दे गं चार दिवस." आता सकाळी साडेनऊच्या आत डोळा उघडत नाही, जेवण अडीचला, आणि संध्याकाळी खाली खेळायला गेली की दिवे लागले तरी वर यायचं नाव नाही.

ज्यांच्या घरी तीन ते आठ वयाची मुलं आहेत त्यांनी सांगा, हे गाडं रुळावर कसं आणता? झोपेचं काय करता, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला शाळेत सोडताना काय करता? धाकटा माझ्याशिवाय शेजारच्या काकूंकडेही थांबत नाही, त्यामुळे माझ्याच पोटात गोळा आलाय.

एक विनंती. पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर बाकीचे धागे धो धो वाहतायत. ती भांडणं तिकडेच. इथे झोप, डबा, दप्तर आणि रडारड.

लोकल_९१२ | ८ जून, रात्री ११:४१

आमच्याकडे वेगळाच घोळ. मुंबईत पाऊस यंदा २६ मेलाच येऊन टपकला. आमच्या सहा वर्षांच्या चिरंजीवांचं गणित पक्कं आहे : पाऊस आला की शाळा. तेव्हापासून रोज विचारतोय, "बाबा, पाऊस आला, मग शाळा का नाही?" मी म्हटलं, पाऊस लवकर आलाय, शाळा वेळेवर येणार. तर म्हणे, पाऊस गेल्यावर परत सुट्टी का?

सातच्या_आत_डबा | ९ जून, सकाळी ६:५०

मृगसरी, झोपायची वेळ बदलायच्या मागे लागू नका. झोपवणं आपल्या हातात नसतं, उठवणं असतं. आजपासून रोज थोडं थोडं लवकर उठवा, पंधरा-वीस मिनिटं. दोन दिवस चिडचिड होईल. मग रात्री आपोआप लवकर डोळे मिटतात. पहिलीतल्या मुलीची दुपारची झोप आता बंद, कितीही पेंगली तरी. चारनंतर डोळा लागला तर रात्रीची वाट लागलीच समजा. धाकट्याची दुपारची झोप मात्र काढू नका, फक्त जेवण झालं की लगेच झोपवा.

डॉक्टर मंडळी सांगतात तो हिशेब असा : तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वयाच्यांना ९ ते १२ तास झोप. मुलगी साडेसहाला उठणार असेल तर उशिरात उशिरा साडेनऊला दिवा बंद. साडेनऊला जेवायला बसणाऱ्या घरात हे कसं बसणार ते घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं. आमच्याकडे नवऱ्याचं जेवण आता वेगळं आणि एकट्याचं असतं. तक्रार आली होती, फेटाळली.

शून्य_गृहपाठ | ९ जून, सकाळी ९:०५

पण साडेसहाला उठवायचं कशाला? ८ फेब्रुवारी २०२४ चा शासन निर्णय आहे ना, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत म्हणून. लहान मुलांची झोप पुरी व्हावी याच कारणासाठी काढलाय. मृगसरी, शाळेला विचारा की.

सातच्या_आत_डबा | ९ जून, सकाळी ९:३०

विचारलं होतं आमच्या शाळेत. एका इमारतीत दोन सत्रं, त्याच बसेस दोनदा फिरणार, नऊला रस्त्यावर गर्दी, वगैरे. पहिली घंटा अजूनही ७:२० ला होते. निर्णय फाइलमध्ये गाढ झोपलाय.

लोकल_९१२ | ९ जून, सकाळी ९:४४

मी उलट बोलतो, शिव्या द्या. नऊची शाळा झाली तर आमच्यासारख्यांचं कठीण आहे. मला ८:१२ ची गाडी, बायकोला ८:३५ ची. सातला पोराला शाळेत सोडलं की दोघं सुटतो. नऊला सोडायचं तर कुणी? आजी-आजोबा सगळ्यांकडे नसतात. मुलांच्या झोपेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण ऑफिसच्या वेळा कोण बदलणार?

शून्य_गृहपाठ | ९ जून, सकाळी १०:०२

म्हणजे तुमच्या मस्टरसाठी सहा वर्षांच्या मुलाने पहाटे उठायचं?

लोकल_९१२ | ९ जून, सकाळी १०:१०

हो. आणि त्याच मस्टरवर त्याची फी भरली जाते. दोन्ही खरं आहे.

तर्रीबाज | ९ जून, सकाळी ११:१५

तुमची १६ तारीख तुम्हालाच लखलाभ. आमच्या विदर्भात शाळा २३ जूनला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, उलटून गेला तरी नागपुरात कूलर बंद करायची हिंमत होत नाही. सुरुवातीचे काही दिवस तर सकाळचीच शाळा आहे, म्हणजे ऊन चढायच्या आत पोट्टे घरी.

पण इथली गंमत पुण्या-मुंबईच्या लोकांना कळायची नाही. आमची पोरं दुपारभर कूलरसमोर कोंडलेली, म्हणून ती जिवंत होतात संध्याकाळी सहाला. सहा ते दहा सगळी गल्ली खाली. मग जेवणं, मग गच्चीवर गाद्या. गच्चीवर पाणी मारायचं, ते वाळेपर्यंत बसायचं, आणि मग बारापर्यंत तारे मोजायचे. लवकर झोपा म्हणता, पण दहाला गच्ची तव्यासारखी तापलेली असते बाप्पा. पहिला पाऊस पडल्याशिवाय आमच्याकडे कोणतंही टाइमटेबल लागू होत नाही.

उंबरठा | ९ जून, दुपारी २:३०

शिशुवर्गाबद्दल सांगते. रडणार. धरूनच चाला. आमचा पहिले काही दिवस फाटकाशी आला की माझ्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरायचा. एक-एक बोट सोडवायला लागायचं. शेवटी मी युक्ती केली. मावशी त्याला खिडकीतलं कबुतर दाखवायच्या, आणि तो तिकडे बघतोय तोवर मी पसार. त्याला कळायच्या आत मी रिक्षात. सगळ्यांचा त्रास वाचला.

खडूफळा | ९ जून, रात्री ८:५०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर आहे. शाळा सातारा जिल्ह्यात, गावाचं नाव नको. बरीच वर्षं जून महिना फाटकाच्या आतल्या बाजूने बघतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

उंबरठाताई, राग मानू नका, पण गुपचूप पसार होणं मला पटत नाही. तुम्ही गेल्यावर काय होतं ते तुम्हाला दिसत नाही. मूल कबुतरावरून नजर काढतं, आई नाही. त्या दिवशी ते रडून थकतं आणि गप्प बसतं, आपण म्हणतो रुळलं. दुसऱ्या दिवशी ते कबूतर बघायला तयारच नसतं. आईवर नजर रोखून बसतं, कारण नजर हटली की आई जाते हे त्याला कळलेलं असतं. मग घरीसुद्धा आई बाथरूमला गेली तरी दाराबाहेर उभं.

सांगून जा. "मी आता जाते, तुझा डबा खाऊन झाला आणि गोष्ट झाली की न्यायला येते." मुलाला घड्याळ कळत नाही, त्यामुळे "बारा वाजता" सांगून उपयोग नाही, डबा आणि गोष्ट कळते. एकदा टाटा, एक पापा, आणि पाठ फिरवा. टाटा लांबवू नका. आई फाटकापासून तीनदा परत आली की चौथ्यांदा पण येईल अशी मुलाची खात्री होते आणि ते रडं चालूच ठेवतं. आणि "मी इथेच बाहेर उभी आहे हं" असं खोटं सांगू नका. ते बाहेर येऊन बघतात.

बहुतेक मुलं आई दिसेनाशी झाल्यावर थोड्या वेळात शांत होतात. जास्त वेळ लागतो तो आयांना. आमच्या वडाखाली रोज दोन-तीन जणी पदर डोळ्याला लावून उभ्या असतात आणि आत त्यांची पोरं मातीत खेळत असतात.

आता अभ्यासापेक्षा महत्त्वाची तयारी सांगतो, जी कोणी करत नाही.

एक म्हणजे डब्याचं झाकण. बाजारात ते चारी बाजूंनी क्लिप असलेले, रबर लावलेले डबे मिळतात. दिसायला झकास, सांडत नाही. पण सहा वर्षांच्या बोटांत ती क्लिप उघडण्याइतका जोर नसतो. मोठ्या सुट्टीत मी खाली बसतो आणि माझ्यासमोर रांग लागते, "गुरुजी, उघडा." एक क्लिप उघडून दुसरीकडे जावं तर पहिली परत बसते. मुलं कोरडी पोळी दाताने ओढून काढतात. डबा घेताना दुकानातच मुलाच्या हातात द्या. त्याला उघडता आला तरच घ्या. साधा स्टीलचा डबा, वरून दाबून बसणारं झाकण, तोही सैल. बाटलीचंही तसंच.

दुसरं म्हणजे संडास. घरी कमोड, शाळेत भारतीय पद्धतीचा. मूल तिथे बसायला घाबरतं आणि दिवसभर दाबून धरतं. मग दुपारी पोट दुखतं आणि घरी फोन जातो, "शाळेत जायला नको म्हणतोय, कुणी मारलं का?" कुणी मारलेलं नसतं. या आठवड्यात कुठेतरी नेऊन उकिडवं बसायची सवय करा. चड्डीचं बटण, हूक, पट्टा स्वतःला काढता येतो का बघा. इलॅस्टिकची चड्डी असेल तर सगळ्यांवर उपकार. बुटाला नाडी नको, वेलक्रो.

आणि "सू आली" हे मोठ्याने सांगायचा सराव. घरी आईला नुसतं तोंड बघून कळतं. मला चाळिशीच्या वर्गात कळत नाही. चाळिशी म्हणजे पटावरची, वयाची नाही.

मृगसरी | ९ जून, रात्री ९:३०

सर, खूप आभार. आत्ता डबा तपासला. चार क्लिप, वर युनिकॉर्न. मुलीने दोन उघडल्या, तिसरीला डबाच माझ्याकडे ढकलला. उद्या तुळशीबागेत फेरी.

उंबरठा | ९ जून, रात्री ९:५५

राग नाही सर. पण सांगून गेलं तरी माझा तसाच रडायचा, वर त्याचं रडणं बघून बाकीची सुरू व्हायची. बाई स्वतःच म्हणाल्या होत्या, "तुम्ही निघा पटकन, आम्ही बघतो." प्रत्येक मूल वेगळं असतं, एवढंच म्हणेन.

इझारकाठ | १० जून, दुपारी १:१०

म्युनिकहून लिहितेय. तुमच्याकडे शाळा सुरू होतायत आणि आमची मोठी सुट्टी लागायला अजून वेळ आहे. सध्या पेंटेकॉस्ट या ख्रिश्चन सणाची दोन आठवड्यांची छोटी सुट्टी चालू आहे. मोठी ऑगस्ट लागताना सुरू होऊन सप्टेंबरच्या मध्यावर संपते. दरवर्षी मे महिन्यात भारतात न येता आल्याने आंबे हुकायचे म्हणून मी कुढते, पण यंदा गणपती २७ ऑगस्टला आहेत, म्हणजे सुट्टीतच.

वरच्या वादाबद्दल : इथल्या पाळणाघरात आणि बालवाडीत मुलाला रुळवायची रीतच ठरलेली आहे. पहिले काही दिवस आई किंवा बाबा वर्गातच कोपऱ्यात बसतात. मुलामागे फिरायचं नाही, नुसतं बसायचं. मग एक दिवस सांगून थोडा वेळ बाहेर जायचं आणि परत यायचं. मग तो वेळ वाढवत न्यायचा. काहींचं आठवड्यात होतं, काहींना महिना लागतो. न सांगता जायचं नाही हा नियम मात्र पक्का, खडूफळा सर म्हणतात तसाच. इथल्या नोकऱ्यांत तेवढी रजा मिळते म्हणून हे जमतं, हेही खरं.

पहिलीत जाणाऱ्या मुलांना इथे पहिल्या दिवशी पुठ्ठ्याचा मोठा रंगीत शंकू देतात, मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढा. आत खाऊ, पेन्सिली, खेळणं. बहुतेक आई-बाबा नाहीतर बालवाडीतली मुलं तो हाताने करतात. आमच्या लेकीच्या शंकूत आईने पाठवलेल्या आंबावड्या आणि नाचणीचे लाडू घातले होते. तिच्या जर्मन मैत्रिणीने लाडवाचा वास घेतला आणि परत ठेवला.

आजीचा_कट्टा | १० जून, संध्याकाळी ५:४०

मी दुसऱ्या टोकाकडून लिहिते. देवरूखजवळ घर आहे. नातवंडं गेल्या आठवड्यात गेली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागायच्या आत तिकिटं मिळाली म्हणून लवकर नेली.

तुम्हा सगळ्या आयांची तक्रार असते की आजोळी मुलं बिघडतात. बिघडत असतील. पण मृगसरी बाई, चार गोष्टी त्यांना तिथे येतात त्या तुमच्याकडे यायच्या नाहीत. आमचा नातू यंदा फणस फोडताना तेल लावून चीक लागू न देता गरे काढायला शिकला. सात वर्षांचा आहे. करवंदाच्या जाळीत हात घालून काटे खाल्ले, रडला, परत घातला. आंबोशी वाळत घातली की कावळ्यांवर पहारा त्याचा. दुपारी मोबाइल नव्हता कारण रेंजच नाही. आणि शाळेत सोडताना रडायचं म्हणाल तर आमच्या वेळी मोठा भाऊ मानगूट धरून न्यायचा. सांगून जा, न सांगता जा, कुणाला माहीत होतं. शिकलो सगळे.

तर्रीबाज | १० जून, संध्याकाळी ६:०५

आजी, एक नंबर. शेवटच्या वाक्याला मात्र सर उत्तर देतील.

खडूफळा | १० जून, रात्री ८:१५

आजींना उत्तर देण्याइतका मोठा नाही मी. एवढंच म्हणतो की मानगूट धरलेल्यांपैकी किती जण चौथीतून गळले ते आमच्या जुन्या दाखलखारीज रजिस्टरात लिहिलेलं असतं.

फणसाचं म्हणाल तर मुजरा. आमच्याकडे एप्रिल आणि जूनमध्ये शाळापूर्व तयारी मेळावा असतो. पहिलीत येणाऱ्या मुलांना सात टेबलांवरून फिरवतात : नोंदणी, उड्या आणि दोरीवर चालणं, वस्तूंची जोडी लावणं, चित्र बघून बोलणं, मोजणं असं. त्यात जी मुलं चिंचोके, खडे, शेंगा यांत हुंदडून आलेली असतात त्यांचा हात पेन्सिलीला चांगला वळतो. दाणे सोलणाऱ्या मुलाला वेगळी 'ॲक्टिव्हिटी शीट' लागत नाही.

आडवा_छेद | १० जून, रात्री ९:२०

व्यावहारिक प्रश्न. नर्सरीचा पहिला आठवडा दीड-दीड तास आहे. सोडून घरी येईपर्यंत आणायची वेळ. पाळणाघर म्हणतं आम्ही दुपारी बारानंतरच घेतो. बायको नव्या नोकरीत, तिला रजा नाही. मी घेतली. फाटकाशी मी एकटाच बाप. परवा पालकसभेत बाईंनी सुरुवातच केली, "तर सगळ्या मम्मींनी..." मग माझ्याकडे बघून "आणि काका".

काका! वय वर्षे ३३.

सातच्या_आत_डबा | १० जून, रात्री ९:३५

अभिनंदन काका. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं का? की तो 'मॉम्स ग्रुप' आहे?

आडवा_छेद | १० जून, रात्री ९:४०

मॉम्स ग्रुपच आहे. बायको रात्री मला स्क्रीनशॉट पाठवते. काल रात्री पाऊणशे मेसेज, विषय पांढरे मोजे घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत.

शून्य_गृहपाठ | ११ जून, सकाळी १०:४५

पुस्तकांबद्दल कुणीच बोललं नाही. पहिलीचा अभ्यासक्रम यंदा बदललाय, बालभारतीची नवी पुस्तकं आहेत. त्यामुळे शेजारच्या ताईची जुनी पुस्तकं घेऊन ठेवली असतील तर ती आता खेळायला. शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवी पुस्तकं मोफत मिळतात, बाकीच्यांनी अप्पा बळवंत चौक गाठायचा. शनिवारी जाऊ नका, चालायला जागा नसते. सकाळी दुकानं उघडताना जा आणि शाळेची यादी पूर्ण घेऊन जा.

मध्ये काही वर्षं पुस्तकातच कोरी पानं बांधली होती, वही वेगळी न्यायला नको म्हणून. ती पद्धत आता बंद झाली. त्यामुळे दप्तर परत जड. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं की दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नको. पहिलीतल्या मुलासाठी ते साधारण १.६ ते २.२ किलोपर्यंत बसतं. घरच्या काट्यावर ठेवून बघा. रिकामं दप्तरच एक किलोचं निघतं कधीकधी, ती चाकंबिकं आणि कार्टून लावलेली. भरलेली पाण्याची बाटली आणखी पाऊण किलो. त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नको असंही आहे. माझं टोपणनाव आता कळलं असेल.

मृगसरी | ११ जून, सकाळी ११:२०

आमच्या शाळेने पाच दुरेघी, दोन चौकटी, एक चित्रकला आणि एक 'डायरी' सांगितलीय. सगळ्यांना खाकी कव्हर, वर पारदर्शक, वर नावाचं स्टिकर. काल रात्री नवरा आणि मी जमिनीवर बसून कव्हरं घालत होतो. मुलगी मध्ये बसून प्रत्येक वहीचा वास घेत होती. धाकट्याने चिकटपट्टीचं टोक हरवलं ते शोधण्यात पाऊण तास गेला.

झोपेची प्रगती : काल रात्री दहाला झोपली. आज साडेसातला उठवलं. सातच्या_आत_डबा, तुमचा फोटो देव्हाऱ्यात लावते.

सातच्या_आत_डबा | ११ जून, सकाळी ११:४०

फोटो नको, डब्याची पाककृती घ्या. पहिल्या आठवड्यात प्रयोग करू नका. शाळा नवी, बाई नव्या, त्यात डबाही नवा असेल तर डबा तसाच परत येतो. जे घरी न मागता खातात तेच द्या. आमच्याकडे पहिले दिवस तूप-गूळ पोळीचा रोल, छोटे तुकडे करून. मग बटाट्याची सुकी काचऱ्या भाजी आणि पोळी. पोळी मऊ राहायला कणकेत थोडं दूध. छोट्या सुट्टीला खजूर किंवा भाजलेले दाणे, पण आधी शाळेला विचारा, हल्ली दाण्यांची ॲलर्जी असलेलं मूल वर्गात असलं तर मनाई असते. पावसाळ्यात कापलेलं फळ नको, केळं अख्खं द्या.

आणि डबा परत आला तर दप्तर उघडल्या उघडल्या चौकशी आयोग बसवू नका.

मृगसरी | १६ जून, दुपारी १२:४५

झालं. थोरली मागे वळून न बघता गेली. मी हाका मारतेय आणि ती नव्या मैत्रिणीला बाटली दाखवतेय. धाकट्याला सांगितलं, खाऊ खा, गाणं म्हणा, मग मी येते. रडला. मावशींनी उचलून नेला, त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे हात केलेला. मी निघाले. नाही बघितलं मागे, सर.

न्यायला गेले तर नाकाचा शेंबूड गालावर वाळलेला आणि हातात मातीचा बैल. पहिलं वाक्य : "तू गाणं झाल्यावर आलीच नाही, दोन गाणी झाली."

खडूफळा | १६ जून, संध्याकाळी ७:३०

शाब्बास. उद्या किती गाणी ते बाईंना विचारून सांगा. मुलं हिशेबाला फार कडक असतात.

आज आमचा प्रवेशोत्सव. नव्या मुलांना बैलगाडीतून आणलं, औक्षण केलं, पुस्तकं दिली. एकाने गुलाबाचं फूल खाल्लं.

आडवा_छेद | १७ जून, रात्री ९:१०

माझी अजिबात रडली नाही. बाकीची रडताना बघून मला विचारते, "बाबा, मी पण रडायचं का?"

पुणेकरांनो, शुक्रवारी २० तारखेला दोन्ही पालख्या शहरात येतायत. रस्ते बंद, बसचा काही भरवसा नाही. शाळेचा मेसेज आला का कुणाला? रुळतायत तोवर परत खंड. वर पुढच्या आठवड्यात शाळेत छोट्यांची दिंडी आहे म्हणे, धोतर, टोपी, टाळ आणा. तीन वर्षांच्या मुलीला विठोबा व्हायचंय, रखुमाई नाही. मी हो म्हणालोय.

तर्रीबाज | १७ जून, रात्री ९:४५

आम्ही अजून गच्चीवर. सोमवारपासून रडू, तोवर टाटा.

उंबरठा | १७ जून, रात्री १०:०५

उद्या पीटीचा ड्रेस आहे की साधा? आणि बूट पांढरे का काळे? कुणीतरी पटकन सांगा, इस्त्री करायचीय.

सातच्या_आत_डबा | १७ जून, रात्री १०:०८

उंबरठा, हा तुमच्या वर्गाचा ग्रुप नाहीये.

लोकल_९१२ | १७ जून, रात्री १०:०९

पण बुधवार आहे, पीटीच असणार. पांढरे.